वन्सं आणि सहा गावांच्या चुली

आमच्या वन्संनी आयुष्यात एकही गोष्ट अंदाजाने केलेली नाही, आणि आसपासच्या दुसऱ्या कुणाला ती करूही दिलेली नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या साताऱ्याकडे आता नणंदेला वन्सं म्हणणारं कुणी उरलं नाही, सगळ्या ताई झाल्या. पण मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा हरिशंकरपुरममधल्या त्या घरात असले जुने शब्द रोजच्या वापरात होते, आणि त्यांच्या शेजारी हिंदी अगदी मांडी घालून बसलेली होती. ‘वन्सं, चाय घेणार का?’ हे त्या घरातलं शुद्ध मराठी. सासरचे कुणी पूर्वज म्हणे दरबारच्या धान्यकोठीवर अधिकारी होते. तोलण्याचं वेड रक्तातूनच आलंय, असं सासूबाई म्हणत. पण त्या पूर्वजांनी धान्य तोललं आणि ते थांबले. वन्संना थांबणं ठाऊकच नव्हतं.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, आरसा नसे. आकडीचा एक ताणकाटा मात्र कायम असे. कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की आपणहून दोन टोमॅटो जास्त टाकी. वन्सं ते दोन टोमॅटो काढून त्याच्या हातात परत देत. “कमी देणं गलत आहे, तसं जास्त देणं पण गलत आहे,” असं म्हणून त्या पिशवी उचलत आणि तो बिचारा आपण नेमका कुठला गुन्हा केला याचा विचार करत राही. एकदा आमटी खारट झाली. सासूबाई म्हणाल्या, चिमूटभरच तर मीठ टाकलं. “चिमूट कोणाची?” वन्संनी विचारलं, आणि त्या दुपारी नया बाज़ारातून सोनाराकडे असतो तसा लहान काटा आणून घरातल्या सगळ्या बायकांच्या चिमटींचं वजन झालं. सासूबाईंची चिमूट माझ्या चिमटीच्या दीडपट निघाली. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘थोडंसं’, ‘साधारण’ आणि ‘जरासं’ हे शब्द हलक्या आवाजात बोलले जाऊ लागले.

त्यांचं लग्न झालं नाही, त्यालाही हेच कारण. उज्जैनचं एक स्थळ आलं होतं. सगळं जुळत आलेलं असताना वन्संनी मुलाला उंची विचारली. “असेल साडेपाचच्या आसपास,” तो म्हणाला. “आसपास म्हणजे कुठे?” असं विचारून वन्संनी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. मुलगा हसत हसत भिंतीला टेकून उभा राहिला, हीच त्याची चूक. दीड इंच कमी भरला. पुष्कळ वर्षांनी हा किस्सा मला सांगताना वन्सं म्हणाल्या, “ठेंगणा असण्यात काही खराबी नव्हती गं. आधीच बरोबर सांगितलं असतं, तर मी हो म्हणणार होते.”

मी त्या घरात आले ती बावीस वर्षांची, एम. ए. झालेली आणि हिंदी अजिबात न येणारी. नवरा सकाळी जाई तो संध्याकाळी परते. शेजारणी दारात येऊन काहीबाही विचारत, मी ‘हाँ जी, हाँ जी’ करत राही, मग त्या येईनाशा झाल्या. एका शेजारणीने प्रेमाने विचारलं होतं, “बहूजी, आपकी शिक्षा कहाँ तक हुई?” मी दचकून म्हटलं, “मैंने तो कुछ नहीं किया!” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला रात्री नवऱ्याने पोट धरधरून हसत सांगितलं. त्यानंतर मी घरातही कमीच बोलू लागले. अशात दर रविवारी वन्सं मला व्हरांड्यातल्या वजनकाट्यावर उभं करत आणि वहीत आकडा लिहीत. ही बाई आपलं खाणं मोजते आहे, असं वाटून मला मनातून फार वाईट वाटे. माहेरी पत्र लिहायला घेतलं की हेच पहिलं लिहावंसं वाटायचं. मग एका रविवारी जेवताना त्यांनी वही उघडून माझ्या नवऱ्यापुढे ठेवली. “ही तीन महिन्यांत साडेचार किलो उतरली आहे. तू रोज समोर बसून जेवतोस, तुला दिसलं नाही? हिला इथे करमत नाहीये.” नवरा खाली मान घालून वरण कालवत राहिला. आणि मी, जी तीन महिने रडू आवरून बसले होते, ती भर पंगतीत रडले. वन्संनी मला रडू दिलं. नंतर म्हणाल्या, “उद्या माझ्याबरोबर चल. काम आहे.”

हे काम काय होतं, ते सांगायला हवं. वन्सं एका लहानशा सरकारी ऑफिसात होत्या. खेडोपाडी गोबरगॅस बसवून देणारं, पाच माणसांचं ते ऑफिस. पुढे पुनर्रचनेचा हुकूम निघाला आणि ते एका मोठ्या खात्यात विलीन झालं. विलीन या शब्दावर वन्संचा राग होता. “शक्कर चायमध्ये विलीन होते. आम्हाला नुसतं व्हरांड्यात ठेवलंय,” असं त्या म्हणत, आणि ते खरंच होतं. त्यांचं टेबल पाण्याच्या कूलरशेजारी आलं होतं आणि येणारेजाणारे त्यावर ओले ग्लास ठेवत. नव्या खात्याकडे एक योजना होती, जी कुणालाच नको होती, कारण तिच्यासाठी उन्हातान्हात घाटीगावच्या बाजूच्या सहा गावांत हिंडावं लागे. दिल्लीची एक कंपनी तिथल्या बायकांना कमी लाकूड लागणाऱ्या चुली फुकट देणार होती. लाकूड कमी जळलं की धूर कमी. जितका धूर कमी, तितका दाखला मिळणार. त्याला कार्बन क्रेडिट म्हणायचं. तो दाखला सातासमुद्रापलीकडची एखादी कंपनी विकत घेणार, कारण तिला तिकडे आपला धूर लगेच कमी करणं जमत नव्हतं, आणि त्या पैशांतून इकडे आणखी चुली येणार. वन्संनी पहिल्याच गावात हे समजावलं तेव्हा रामकली नावाच्या एका धिप्पाड बाईने त्यांना तिकडच्या बोलीत ताई म्हणत, पदर तोंडाला लावून विचारलं, “जिज्जी, जो धुआँ निकला ही नहीं, वो बिकेगा? विलायत के लोग बावरे हैं का?”

या कामात आकडे उतरवून घ्यायला कुणीतरी हवं होतं. “मला हिंदी येत नाही हो वन्सं,” मी म्हटलं. “तुझ्या अक्षरात एक आणि सात वेगळे दिसतात. अजून काय पाहिजे?” एवढ्या शिफारशीवर मला नोकरी लागली. आम्ही एकेका घरी तीन-तीन दिवस जायचो. सकाळी लाकडाचा भारा तोलायचा, संध्याकाळी उरलेलं तोलायचं, किती माणसं जेवली ते लिहायचं. ओलं लाकूड जड भरतं, म्हणून वन्सं ओल मोजून तेवढं वजन वजाही करत. बायका आधी हसल्या. मग एक दिवस रामकली जंगलातून आली तशी वन्संनी तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून काट्याला लावला. अठ्ठावीस किलो. “इत्ते?” रामकलीने विचारलं. ती काट्याकडे बघत राहिली. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती ते ओझं आणत होती आणि ते किती आहे हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला, सासऱ्याला, दिराला, पारावर बसलेल्या प्रत्येकाला तो आकडा सांगितला. दुसऱ्या दिवसापासून बायका आपापले भारे घेऊन आमच्यापुढे रांगेत उभ्या. त्या रांगेतच मी हिंदी शिकले. म्हणजे मला वाटलं ती हिंदी आहे. शहरात येऊन बोलले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, ही बहू तर गावाकडचं बोलते. पण आता त्या हसल्या तरी मी बोलत होते.

मधे सहाही गावांत नव्या चुली वाटून झाल्या, आणि वर्ष संपताना दिल्लीहून छापील फॉर्म आले. नवी चूल रोज वापरता का? हो किंवा नाही. प्रत्येक घराने ‘हो’ सांगितलं. मी आनंदाने फॉर्मांची चळत लावत होते. रामकलीच्या घरात मात्र वन्सं ओट्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या चुलीपाशी वाकल्या, त्यांनी हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला.

“रामकली, ये राख गरम क्यों है?”

रामकलीने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “जिज्जी, दाल-सब्जी तो नये पे ही बनत है। पर टिक्कड़ नये पे नहीं सिकत। मुँह छोटा है।” टिक्कड म्हणजे तिकडची जाड रोटी. ती तव्यावरून उतरवून निखाऱ्यांच्या कडेला टेकवली की फुगते. नव्या चुलीत टेकवायला जागाच नव्हती. “फिर फॉर्म में हाँ क्यों बोला?” “चूल्हा मुफत में दिया तुमने। मुँह पे ना कैसे बोलें?”

आम्ही सहाही गावं पुन्हा फिरलो, या वेळी न सांगता, भलत्या वेळी. बहुतेक घरांत दोन्ही चुली पेटत होत्या. लाकूड वाचत होतं, नाही असं नाही. पण कागदावर दिसत होतं त्याच्या जेमतेम निम्मं. वन्संनी तोच आकडा लिहिला आणि दिल्लीच्या त्या कंपनीचे सल्लागार गाडी करून ग्वाल्हेरला आले. तरुण, चष्मेवाले, अतिशय नम्र गृहस्थ. मोठ्या साहेबांच्या खोलीत बसून ते म्हणाले, “मॅडम, फॉर्म में सबने हाँ लिखवाया है। हम फॉर्म ही तो भेज रहे हैं।”

“फॉर्म से धुआँ नहीं निकलता. चूल्ह्यातून निकलता है,” वन्संची हिंदी रागात मराठीत शिरायची.

सल्लागारांनी समजावून पाहिलं. एवढ्याशा आकड्यावर प्रकल्प उभा राहणार नाही. शेजारची गावं चुलींची वाट बघताहेत, त्यांना त्या मिळणार नाहीत. यात कुणाचं भलं आहे? हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि मला ते पटतही होतं. साहेब एवढंच म्हणाले की पुनर्रचनेत जादा ठरलेल्या लोकांची यादी अजून पक्की व्हायची आहे, तेव्हा मॅडमनी शांतपणे विचार करावा. वन्संनी शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि फॉर्मांवर सही न करता त्या उठल्या. परतताना टेम्पोत, म्हणजे तिकडच्या मोठ्या रिक्षेत, मी म्हटलं, “वन्सं, करून टाकायची होती सही. बायकांना चुली तरी मिळाल्या असत्या.” त्या बाहेर बघत म्हणाल्या, “अगं, ती तिकडची कंपनी आपल्या कागदाच्या भरवशावर धूर सोडणार आहे. आपण खोटं लिहिलं तर तो धूर इथेही निघाला आणि तिथेही निघाला. मग आपण केलं काय?”

काम बंद पडलं. माझी नोकरी गेली, वन्सं कूलरपाशी परत गेल्या. याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. निरोप घ्यायला म्हणून आम्ही गावात गेलो तर रामकली दारातून उठली नाही. शेजारच्या गावांनी तिला बोल लावला होता, तुझ्या टिक्कडांपायी आमच्या चुली गेल्या म्हणून. ती वन्संना म्हणाली, “हमने तुमको घर का समझ के बताया था, जिज्जी। तुमने कागज पे चढ़ा दिया।” दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला आणि वन्संनी दूध न मोजता पातेल्यात ओतून घेतलं. सासूबाई घाबरून मला म्हणाल्या, “अगं, हिच्या कपाळाला हात लावून बघ. ताप तर नाही ना?”

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वन्संनी रजेचा अर्ज टाकला आणि मला म्हणाल्या, “चल.” “कुठे? काम बंद आहे.” “काम बंद आहे. गाव कुठे बंद आहे?” रामकली चुलीपाशी होती. वन्सं तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. ज्या बाईने साहेबांपुढे मान वाकवली नव्हती तिला मी पहिल्यांदा अडखळताना पाहिलं. “मैंने सच लिखा. पर बात तुम्हारी थी, और तुमसे पूछा नहीं. वो मेरी गलती. अब तुम बताओ, चूल्हा कैसा होना.” रामकली बराच वेळ नुसतं टिक्कड थापत राहिली. दोन टिक्कड झाले, तीन झाले. मग ती नव्या चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “इसका मुँह तो देखो, जैसे रूठी हुई समधन।” रुसलेल्या विहिणीसारखं ते खरंच आवळलेलं होतं. मग तिने काडी घेऊन मातीत नव्या तोंडाची रेघ ओढली.

नंतरचे काही महिने आमच्या अंगणात जे चाललं होतं, त्यावरून शेजाऱ्यांना वाटलं की आम्ही ढाबा काढतोय. नया बाज़ारच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं काम करणारा एक वयस्कर मिस्त्री वन्संना सापडला. तोही तितकाच काटेकोर माणूस. दोघं अर्ध्या बोटाच्या फरकावरून तासभर भांडत. रामकली दर आठवड्याला येई, चूल पेटवी, टिक्कड भाजून बघे आणि चूल नापास करी. पहिलीचं तोंड मोठं झालं तर धूर झाला, दुसरीची कड तापून वाकली, तिसरीवर टिक्कड एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने पीठ. ते सगळे आम्ही खाल्ले. माझ्या नवऱ्याने तर तक्रारसुद्धा केली नाही, फक्त एकदा, “तुम्हा लोकांचं संशोधन अजून किती दिवस?” असं विचारून पाहिलं. सातव्या चुलीला आत एक बुटकी कड होती. रामकलीने टिक्कड निखाऱ्याशी टेकवला, तो फुगला, आणि तिने दुसरा थापायला घेतला. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला तेवढं पुरलं. ही चूल पहिल्या नव्या चुलीपेक्षा जरा जास्त लाकूड खाई, पण ती पेटली की जुनी थंड राही. रामकलीच्या गावात दहा घरांनी आपापल्या जुन्या चुली लिंपून बंद केल्या. आम्ही दोघी, कुणी सांगितलेलं नसताना, पुन्हा भारे तोलू लागलो.

आणि मग बाहेरच्या जगात काहीतरी उलटंपालटं झालं. ठिकठिकाणच्या चुलींचे फुगवलेले आकडे उघडकीला येऊ लागले, दाखले घेणारे बिचकले, जुने नियम मोडून नव्याने मांडले जाऊ लागले. एका दुपारी ते नम्र सल्लागार, या वेळी गाडी न करता, रिक्षाने आमच्या दारात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, “मॅडम, वो तौल वाले रजिस्टर अभी हैं क्या?” माझ्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. वन्संनी विचारलं, “जेवलात?” आणि त्यांना टिक्कड आणि लसणाची चटणी वाढली. मग मी अकरा रजिस्टरं आणून त्यांच्यापुढे ठेवली. ते जेवता जेवता पानं उलटत होते आणि मधेच डाव्या हाताने चष्मा पुसत होते.

तपासणीला परदेशातून एक साहेब आले. त्यांनी यादीतली घरं स्वतः निवडली, राखेत हात घालून पाहिलं, लाकूड तोललं. वाचलेल्या लाकडाचा आमचा आकडा एका घरात त्यांच्यापेक्षा कमी निघाला. इतर ठिकाणी लोक जास्त लिहितात, तुम्ही कमी का लिहिलंत, असं त्यांनी विचारलं. सल्लागारांनी प्रश्न हिंदीत सांगितला. वन्सं एकदम ओशाळल्या आणि म्हणाल्या, चूक झाली असेल तर पुन्हा तोलते. तो उंचापुरा माणूस जे हसला ते सगळ्या गावाने पाहिलं.

दाखला मिळाला. स्वप्नातला नव्हे, खऱ्या आकड्याचा; म्हणून लहान. त्यातून सहा गावांच्या चुली टिकल्या, प्रत्येक गावात दुरुस्ती करणारी एक बाई पगारावर लागली, आणि वाट बघणाऱ्या गावांपैकी काहींना, हळूहळू, चुली मिळाल्या. सगळ्यांना नाही मिळाल्या. वन्सं हे कधी लपवत नाहीत, आणि मीही लपवणार नाही. दुरुस्तीचं काम पहिलं रामकलीने घेतलं. आपल्या हाताखालच्या बायकांना ती अशी काही दरडावते, की मला हरिशंकरपुरममध्येच असल्यासारखं वाटतं.

वन्सं निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभ झाला नाही. जुनं ऑफिस उरलं नव्हतं आणि नव्या खात्याला त्या आपल्या वाटत नव्हत्या. दोन्हींच्या मधे त्यांची फाइलच कुठेतरी राहिली होती. त्या नेहमीसारख्या घरी आल्या, पाय धुतले, चहा घेतला. रविवारी मात्र आमच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन उभी राहिली आणि तिच्यातून तीसेक बायका उतरल्या, पीठ, भाज्या, लाकूड सगळं घेऊन. अंगणात चुली पेटल्या. सासूबाईंना खुर्चीवर बसवून मान दिला गेला. उत्सवमूर्ती आतल्या खोलीत जाऊन कपाट आवरायला लागली होती. रामकली आत गेली आणि दंड धरून त्यांना बाहेर घेऊन आली. “जिज्जी,” ती म्हणाली, “अब चूल्हे के आगे बैठो तो आँख से पानी नहीं गिरत।” हे ती सांगत होती तेव्हा पाणी वन्संच्या डोळ्यांतून वाहत होतं, आणि त्याला चुलीचा काही दोष नव्हता.

आता त्यांचे गुडघे गेले आहेत. आम्ही दर्पण कॉलनीत तळमजल्यावर राहायला आलो, त्यांना जिना नको म्हणून. गावांचं काम मी बघते. नवे नियम, नवे फॉर्म, नवे सल्लागार, सगळं. आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानायची पद्धत नाही. तरी एकदा धीर करून मी म्हटलं, “वन्सं, त्या सोमवारी तुम्ही मला बरोबर नेलं नसतं, तर माझं इथे काय झालं असतं कोण जाणे.”

“काय होणार होतं? लिहायला दुसरी कुणी मिळाली असती,” त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, “इतकी बोलणारी नसती मिळाली.”

गावाहून परतले की मी चपला काढून आधी त्यांच्या खोलीत जाते. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची सून रुसली, कुठल्या गावात बायकांनी सरपंचाला कसं गप्प बसवलं, हे सगळं सांगत बसते. त्या पलंगावर डोळे मिटून पडलेल्या असतात. हल्ली त्यांना दिवेलागणीलाच झोप येते. मला वाटतं लागला डोळा, म्हणून मी हलकेच थांबते, उठायला जाते.

“मग?” डोळे न उघडता त्या विचारतात. “पुढे काय झालं?”

आणि मी पुन्हा खाली बसते.